जानेवारीतल्या मुलाखती

एम. ए.च्या लघुप्रबंधासाठी मी पहिल्यांदा लेख गोळा करून नेले, तेव्हा आमच्या मार्गदर्शक सरांनी ते एकेक करून बाजूला टाकले. "ही रविवारची पुरवणी. हे कुणाचं तरी भाषण. याच्यावर नियतकालिकाचा आयएसएसएन नंबर आहे, पण नंबर काय, कुणालाही मिळतो." मी मनातल्या मनात चिडले. विषय ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या आजारपणाचा. त्यातलं माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

सर म्हणाले, "संशोधनाचा लेख ओळखायचा तर आधी एवढंच बघ. माहिती कुणाकडून, कुठे आणि कधी घेतली?" आणि नमुना म्हणून त्यांनी स्वतःचाच लेख हातात दिला.

घरी येऊन वाचायला बसले. सारांश, तक्ते, संदर्भ, सगळं जिथल्या तिथं. सर्वेक्षणाचं गाव नेकनूरजवळचं, म्हणजे माझंच. ऊसतोड बायकांच्या घरी जाऊन घेतलेल्या मुलाखती. महिना जानेवारी.

जानेवारी! दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडून टोळ्या ऊसतोडीला निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. मधे गावात दारांना कुलपं आणि ओट्यावर म्हातारी माणसं. मग सरांनी विचारलं कुणाला, कुलपांना? असा संताप आला की लेख भिरकावून द्यावासा वाटला.

पण बोलणार कुणाजवळ? प्रबंधावर सही त्यांची, गुणही त्यांच्याच हातात. एम. ए. बुडालं तर ऊसतोडीला नेणारी मुकादमाची गाडी दारात उभीच होती. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतं? मी तो लेख संदर्भात घेतलाच नाही, एवढंच केलं. सरांनी शेवटची पानं न बघताच सही केली.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. संदर्भांवरून फिरणारं त्यांचं बोट थांबलं. "तुझ्या सरांचा याच विषयावरचा लेख आहे ना? तो इथे कसा नाही?"

शेजारी बसलेल्या सरांनी मान वर केली. 'राहून गेला' म्हटलं असतं तर सुटले असते. शब्द अगदी ओठांवर आला होता. तेवढ्यात आई आठवली, थंडीत तापानं फणफणलेली, तरी उसाच्या मोळ्या वाहणारी. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

"सर, जानेवारीत आमच्या गावात त्या बाया नसतात," मी म्हणाले. "उसाच्या फडावर असतात. लहानपणी मीपण तिथंच असायचे."

परीक्षकांनी सरांकडे पाहिलं. संपलं आपलं, असं मला वाटलं.

वर्गात कायम छापील मराठी बोलणारे आमचे सर टेबलाकडे बघत म्हणाले, "खरं हाय तिचं. मी गेलतोच न्हाई."