आखाजीची सभा

आत्याचे यजमान गेले आणि नंदुरबारच्या मिरचीच्या कंपनीतला त्यांचा अर्धा हिस्सा तिच्या नावावर झाला. उरलेला अर्धा तिच्या जेठांचा, म्हणजे थोरल्या दिरांचा. कंपनी घरचीच: चक्की, गोदाम आणि गावाबाहेरची पथारी, म्हणजे लाल मिरची वाळत घालायचं मैदान. आत्या रोज तिथे देठ खुडणाऱ्या बायांबरोबर बसायची. पुढे पथारी विकायला काढल्याचं तिच्या कानावर आलं, तिने हरकत घेतली. जेठ भावजयीशी समोरासमोर बोलत नाहीत, म्हणून त्यांनी पोराकरवी निरोप धाडला, "काकू, तुमना हिस्सा आते नावलेच शे." म्हणजे आता नावापुरताच.

झालं होतं असं, की आदल्या वर्षीच्या एका सभेत कंपनीने नवे शेअर काढून सगळे जेठांच्या मुलाला दिले होते. त्यामुळे आत्याचा अर्धा हिस्सा एका फटक्यात चिमूटभर उरला. इतिवृत्तात लिहिलेलं, की सभेला बाप-लेक आणि दोघी जावा हजर होत्या आणि सगळ्यांनी होकार दिला.

आत्या कागद घेऊन आमच्याकडे, ब्राह्मणपुरीला आली. घरात शिकलेली मी. शहाद्याला एका कर सल्लागाराकडे नोकरी, त्यामुळे कलमं तोंडपाठ आणि तोरा त्याहून जास्त. वकील म्हणाले, अन्याय आणि गैरकारभाराचा अर्ज मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणात करू. मी ते इतिवृत्त तीनदा वाचलं, लाल पेनाने रेघा मारल्या आणि माझ्या हाती काही म्हणजे काही लागलं नाही.

आत्या म्हणाली, "मोठ्यानं वाच."

मी वाचलं, "अक्षय तृतीयेच्या शुभमुहूर्तावर..."

"आखाजीले? अव पोरी, आखाजीले मी सासरले कशी ऱ्हासू? मी तं तुमना आठे झोकावर बठेल व्हतू!"

मी कपाळावर हात मारला. त्या दिवशी आत्या आमच्याकडे, माहेरी झोक्यावर बसलेली. खानदेशातली कुठली सून आखाजीला सासरी असते? जेठ स्वतः दरवर्षी घरच्या सुनांना साडी देऊन माहेरी धाडायचे. पण त्या घरात चक्कीचा नवा पट्टासुद्धा मुहूर्त पाहून चढायचा. खोटी सभा कागदावर बसवतानाही माणसाचा हात मुहूर्तावरच गेला. मला राग आला, हसू आलं आणि सगळ्यांत जास्त, आत्याचं नवल वाटलं.

वकील मात्र हसले नाहीत. तुमची साक्ष माहेरची, हलकी पडेल, म्हणाले. ते म्हणतील, सभेपुरत्या बाई आल्या होत्या. आता चौथं नाव उरलं जेठाणीचं. ती जेठांची बायको आणि त्या मुलाची आई. तिला विचारायचं कुणी धाडस केलं नाही.

आठवड्याने ती आपली आपण आली. भर दुपारी, एसटीने, एकटी. उंबऱ्यात उभी राहूनच म्हणाली, "त्या दिन मी बी मन्हा माहेरले व्हतू. लिखी ल्या."

आत्या तिचा हात धरून म्हणाली, "बाई, तुमना पोऱ्यानं नुकसान व्हई."

"त्याना वाटानं त्याले शेच. तुन्हं त्यानी कसाले लेवानं?"

वकिलांना घरी बोलावलं, त्यांनी त्याच दुपारी प्रतिज्ञापत्र तयार केलं. आजवर नवरा बोट ठेवील तिथे सही करणारी ही बाई. आज तिने चष्मा लावला आणि अक्षर न् अक्षर लावत दोन्ही पानं वाचली. अर्धा तास लागला. मग तिने सही केली.

पुढे ते शेअर रद्द झाले, पथारी राहिली, आत्याचा अर्धा हिस्सा परत आला. तो आदेश मी वाचला, आनंदही झाला. पण खरी थक्क मी त्या सहीच्या दुपारीच झाले होते.

सही झाल्यावर आत्या तिला म्हणाली, "आज आठेच ऱ्हा. घर जेठ काय म्हनतीन?"

जेठाणीने चष्मा डबीत ठेवला. "त्यास्नी जेवानी येळ व्हई जाई," ती म्हणाली. "वाढता वाढता मीच सांगसू."

आणि ती एसटी गाठायला निघाली.