साडूभाऊंचा गाडा

जगातली प्रत्येक वस्तू आधी ओतता येते आणि मग सारखी करता येते, अशी मनोमन खात्री असलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि नशिबानं तो माझा साडू निघाला. म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मी त्यांना साडूभाऊ म्हणत असे आणि ते मला पाव्हणं. पंगतीत त्यांच्या शेजारी बसणं हा एक अनुभव होता. वाढप्यानं भाताची मूद टाकली की ते वाटीच्या बुडानं ती चहूबाजूंनी दाबून सपाट करायचे, वरणाची धार कडेकडेनं सोडायचे, पानाला दोन टिचक्या मारून भातातली हवा काढायचे आणि मगच पहिला घास घ्यायचे. आमच्या लग्नात त्यांनी माझ्याही पानातला भात असाच बसवून दिला होता. नवरदेव म्हणून मला गप्प बसावं लागलं. एका दिवाळीला अक्कानं, म्हणजे माझ्या मेहुणीनं, खोबऱ्याच्या वड्या थापायला ताट घेतलं, तर यांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि दाराच्या फळीनं वड्या अशा काही ठोकून बसवल्या की सुरी चालेना. "वडी पिढ्यान् पिढ्या टिकंल," असं ते अभिमानानं सांगत होते. टिकली खरी. गुढीपाडव्यालाही ती आमच्या डब्यात होती.

साखर कारखान्यात ते फिटर होते. चांगली कायमची नोकरी, राहायला खोली, मळीचा वास सोडला तर कसला त्रास नाही. एके दिवशी ती नोकरी सोडून त्यांनी घोडेगावच्या अलीकडे रस्त्याकडेला, वडिलांच्या वाटणीच्या तुकड्यावर, सिमेंटच्या चौकटींचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, चार लाकडी साचे आणि वाळूचा ढीग. लाकडाच्या चौकटीला वाळवी लागते, सिमेंटच्या चौकटीला लागत नाही, एवढ्या एका वाक्यावर त्यांनी संसार उभा केला होता. "लाकडाचं राज्य संपलं, पाव्हणं. बघाल तुमी," असं ते लाकडाच्या खुर्चीत बसून मला सांगत. घ्यायला कोणी येत नसे. पहिल्या चौकटी त्यांनी स्वतःच्या घराला लावल्या, मग गोठ्याला, मग संडासाला, आणि उरलेली एक बांधावर नुसतीच उभी केली. तिच्यातून शेळ्या ये-जा करत.

एकाहत्तर-बाहत्तरचे ते दिवस. आमच्या भागात पावसानं आधीच तोंड फिरवलेलं, विहिरी तळाला गेलेल्या. आणि सिमेंटच्या मालाला तर रोज पाणी मारावं लागतं, नाहीतर त्याला भेगा जातात. साडूभाऊंनी यावर असा उपाय काढला की घरातल्या प्रत्येकानं चौकटीवर बसून आंघोळ करायची. पाहुण्यालाही सूट नाही. मी शेवगावला पोस्टात होतो, सुट्टीला अधूनमधून त्यांच्याकडे जायचो. सकाळी मला तांब्या-बादली देऊन ते अंगणात नेत आणि एक ओली चौकट दाखवत, "बसा, पाव्हणं, ह्या कोपऱ्याला अजून पानी पोचलं न्हाई," म्हणत. साबण लावायला बंदी. फेसानं माल कच्चा राहतो, असा त्यांचा शोध. समोरून नगरची एस.टी. जायची, आणि मी पंचा नेसून रस्त्याकडे पाठ करत एकेक कोपरा भिजवत असायचो. मधूनच ते ओरडायचे, "जरा सरका की! एकाच जाग्यावर किती न्हाताय?"

पण त्यांचा खरा जीव होता तो गाड्यात. घमेल्यानं माल टाकला की कुठे जास्त पडतो, कुठे कमी, आणि थापीनं सारखा करेपर्यंत कडा सुकतात, हे त्यांचं दुखणं होतं. एकदा पेरणीच्या दिवसात भावाच्या शेतात ते बांधावर बसले असताना पाभर चालली होती. वर बी टाकायचं चाडं, चाड्यातून बी नळीनं खाली, मागून फळी फिरली की माती सारखी. साडूभाऊ ताडकन उठले आणि भावाला म्हणाले, "थांब! पाभर थांबीव!" बैलांसकट सगळे थांबले. ते पाभरीभोवती तीन फेऱ्या मारून थेट घरी गेले. त्यातून तो गाडा जन्माला आला. मोडीत निघालेल्या एका ट्रॉलीची चार चाकं, वर पत्र्याचं भलंमोठं चाडं, खाली दांड्यानं उघडमीट होणारी झडप, आणि मागे माल सारखा करणारी फळी. साच्याच्या दोन्ही बाजूंनी चाकं चालवायची, दांडा ओढायचा, काँक्रीट साच्यात पडत जातं आणि मागची फळी ते सारखं करत येते. निदान साडूभाऊ तसं म्हणायचे. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी झडप उघडली ती मिटलीच नाही, आणि सगळा माल त्यांच्या उजव्या पायावर पडला. "वतायचं जमलं," ते पाय काढत म्हणाले, "आता थांबायचं तेवढं शिकवायचं ऱ्हायलं."

हा गाडा कोणीतरी चोरील, निदान बघून तसाच दुसरा बनवील, अशी त्यांना घोर भीती. त्यामुळे शेडला तीन कुलपं. वर, मध्ये आणि खाली. आम्ही घरचे लोक गेलो तरी ते गाड्यावर घोंगडी टाकायचे. गाडा बाहेर काढला की रिकाम्या शेडला पुन्हा तिन्ही कुलपं ठोकायचे. का, तर सवय मोडायला नको. तीन किल्ल्यांचा जुडगा कमरेच्या करगोट्याला, आणि तो करगोटा सैल असल्यानं दिवसातून दोनदा सगळं घर किल्ल्या शोधत फिरायचं. कधी पिठाच्या डब्यात, कधी म्हशीच्या दावणीत, एकदा तर गणपतीच्या मागे. अक्का म्हणायची, "चोराला गाडा न्यायचा आसंल तर आधी किल्ल्या हुडकाव्या लागत्याल. त्यो बिचारा कटाळून जाईल."

मात्र शेवटी तिचंही सहन करणं संपलं. साखर कारखान्यातली जागा अजून रिकामी होती, साहेब बोलवत होते. तिनं एका दुपारी जेवायला वाढताना माझ्यादेखत नवऱ्याला स्वच्छ सांगितलं, "पाडव्यापत्तुर ह्या गाड्यानं एक तरी काम क्येलं तर ठीक. न्हाई तर पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गाडा मोडीत आनि तुमी कारखान्यात." साडूभाऊंनी मान डोलवली. ते घाबरलेले मी पहिल्यांदाच पाहिले. तेवढ्यात भातावरचं वरण एका बाजूला ओघळलं, तरी त्यांनी ते सारखं केलं नाही.

आणि मग एक म्हातारे बाबा आले. शिंगणापूरचे. त्यांची भावकी गावाच्या कडेला नवीन घरं काढत होती आणि पाडव्याला प्रवेश करायचा होता. बाबा बांधावरच्या चौकटीतून शेळ्या जाताना बघत बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "आमाला अशीच पायजे. नुसती चौकट. दार न्हाई." शिंगणापुरात घरांना दार नसतं, हे आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक, शनिदेव राखण करतो, मग दार कशाला. पण साडूभाऊंना ते ऐकून गहिवरून आलं. दार ही वस्तूच त्यांना चौकटीचा अपमान वाटायची. "पाव्हणं, आक्खी चौकट दिसनार! मदी फळकूट न्हाई!" असं सांगायला ते शेवगावला थेट पोस्टाच्या खिडकीवर आले आणि मला रजा टाकायला लावून घेऊन गेले.

ओतायच्या दिवशी साचे ओळीनं मांडलेले. अक्का, दोन मजुरणी, साडूभाऊंचा भाऊ आणि मी माल कालवून चाड्यात भरत होतो. गाड्याला हळदकुंकू लावलेलं. साडूभाऊंनी दांडा ओढला, आणि पहिल्या झटक्यातच खडी अडकली. त्यांनी चाड्यात डोकं घातलं, अख्खे कमरेपर्यंत आत गेले, काठीनं ढोसलं, बाहेर आले, आणि पुन्हा दांडा ओढला. गाडा चालला. काय सांगू, खरंच चालला! झडपेतून माल सावकाश उतरत होता, मागून फळी त्याला दाबून सारखं करत येत होती, कोपऱ्यावर साडूभाऊ "ह्या! ह्या!" करत बैल वळवावा तसा तो वळवत होते. मजुरणी रिकामी घमेली घेऊन बघत उभ्या राहिल्या. अक्कानं पदरानं तोंड पुसलं, ते घामामुळे नव्हतं, हे मला दिसलं. दुपारपर्यंत सगळे साचे भरले, कडेला एक कण सांडला नाही.

संध्याकाळी गाडा धुऊन आत ठेवायची वेळ आली आणि किल्ल्या नाहीत. पिठाचा डबा, दावण, गणपती, सगळं पाहून झालं. अक्का हळूच म्हणाली, "तुमी चाड्यात वाकला हुता न्हवं?" साडूभाऊ एकदम ताठ झाले. "शक्य न्हाई," ते म्हणाले. ते इतक्या ठासून म्हणाले की आम्हा सगळ्यांची खात्री पटली, किल्ल्या तिकडेच गेल्या. कुठल्या चौकटीच्या पोटात, ते देव जाणे. रिकामी शेड कुलपात बंद आणि गाडा बाहेर, अशा थाटात पुढचे दिवस गेले. आंघोळी मात्र जोरात चालू होत्या.

साचे उघडले तेव्हा चौकटी अशा निघाल्या की हात फिरवत बसावं. बाबा आले. त्यांनीही हात फिरवला, वरपासून खाली, आणि मधे एका जागी त्यांचा हात थांबला. तिथे लोखंडाचा कोयंडा होता. दाराची कडी ज्यात अडकवून कुलूप घालतात तो. प्रत्येक चौकटीत एकेक. साडूभाऊंनी ओतण्याआधी प्रत्येक साच्यात स्वतःच्या हातानं बसवला होता. ज्यांना दार नको त्यांच्या चौकटीला! "मजबूत हाय," साडूभाऊ उत्साहानं म्हणाले. "चार कुलपं लावा, हलायचा न्हाई."

बाबा काही रागावले नाहीत. त्यांनी गाड्याकडे पाहिलं, मग शेडच्या तीन कुलपांकडे. "आत काय हाय?" त्यांनी विचारलं. "काय न्हाई," साडूभाऊ म्हणाले. "मग ही कुलपं कशाची राखन करत्यात?" साडूभाऊंनी कमरेचा रिकामा करगोटा चाचपला. बाबा म्हणाले, "दादा, तुमच्या डोक्यात कुलूप हाय, त्ये आमच्या चौकटीत उतारलं. माल एक नंबर हाय. पर कोयंड्याची चौकट मी घराला लावली, तर देवाला सांगू काय? तुज्यावर भरवसा हाय, पर कडीची सोय ठिवली हाय?" आणि ते उठून निघाले. पाडवा जवळ आला होता. नव्यानं ओतून, पाणी मारून, वेळेत देणं शक्य नव्हतं. गाडा मोडीत जाणार हे साडूभाऊंना कळलं, मला कळलं, आणि अक्कालाही.

अक्काच पुढे झाली. "बाबा, थांबा. लोखंडच हाय ते, कापता येतं. वर सिमिट भरून देतो. हाताला लागलं तर घेऊ नका." बाबांनी साडूभाऊंकडे पाहिलं. साडूभाऊ करवत घेऊन आले.

करवत चालवत साडूभाऊ चौकटींवर बसलेले आणि मागून अक्का बोटाच्या टोकानं ओलं सिमेंट भरून वर अंगठ्यानं दाबत चाललेली, हे चित्र मी विसरणार नाही. साडूभाऊ एकेक कोयंडा कापायचे, क्षणभर हातात धरायचे आणि बाजूला टाकायचे. शेवटचा कापून झाल्यावर ते उठले, शेडपाशी गेले, आणि तिन्ही कुलपंही कापून टाकली. मग शेडचं दारच काढून म्हशीच्या गव्हाणीवर आडवं टाकलं. बाबांनी प्रत्येक चौकटीवर पुन्हा तळहात फिरवला. कुठे काही लागलं नाही. पाडव्याला त्या सगळ्या चौकटी उभ्या होत्या, आंब्याची पानं लावून, आणि त्यांतून माणसं नुसती आत-बाहेर करत होती.

किल्ल्यांची गोष्ट मात्र साडूभाऊंना खात होती. प्रवेशाच्या जेवणात त्यांनी भात तसाच ढीग ठेवला, एक घास खाल्ला, आणि उठून बाबांच्या कानाशी लागून सगळं कबूल केलं. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "ऱ्हाऊ द्या की," ते म्हणाले. "कुलूप न्हाई मंजी किल्ली कुनाचं काय बिघडवती?" साडूभाऊ जागेवर येऊन बसले, वाटी घेतली, आणि भात सपाट केला.

गाडा मोडीत गेला नाही. पुढे बरीच वर्षं त्यानं आसपासच्या गावांतल्या चौकटी ओतल्या, आणि कोयंडा हवा का, हे साडूभाऊ प्रत्येकाला तीनतीनदा विचारायचे. लाकडाचं राज्य काही संपलं नाही, पण त्याला त्यांनी थोडं हलवलं, असं मी तरी मानतो. आता ते नाहीत. मला त्यांची आठवण येते, विशेषतः आंघोळीला बसल्यावर.

परवा अक्काकडे गेलो होतो. शेडला अजून दार नाही. गाडा आत उभा, चाकांना ताजं तेल. मी दांडा ओढून पाहिला, झडप अलगद उघडली. अक्का म्हणाली, "पोरगं म्हनतंय, आता दार लावू, कुलूप घालू. मी न्हाई म्हनलं."

"का, अक्का?"

तिनं पदरानं चाड्याची कड पुसली. "आवो, किल्ली शिंगनापूरला हाय न्हवं," ती म्हणाली. "ते आले, तर एवढ्या लांब जात्याल व्हय आनायला?"