मुंढा जरा खोल हवा

आमचे सासरे शिंपी. कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे. सासूबाई विणायला बसल्या की मात्र त्यांचं डोकं फिरायचं. "सुया टोचत बसण्यापेक्षा मला चार काजं करून दे," म्हणायचे. सासूबाई हूं की चूं न करता काजं करून द्यायच्या. मला राग यायचा, पण नव्या सुनेनं तोंड उघडायचं कसं?

मग मला दिवस गेले. सासूबाईंनी बाळासाठी पिवळा स्वेटर विणायला घेतला. पाठ झाली, पुढचा भाग झाला आणि एका सकाळी त्यांचा उजवा हात लुळा पडला. त्यांनी रडगाणं गायलं नाही. एवढंच म्हणाल्या, "माझ्या हातचा हा शेवटचा. बाह्या तेवढ्या राहिल्या."

"त्यात काय! मी विणतो," सासरे म्हणाले.

पहिल्याच दिवशी घामाघूम झाले. टाके इतके आवळले की सुई आत शिरेना. सासूबाई पलंगावरून सांगायच्या, "सुलट. आता उलट. अहो, लोकरीचा गळा काय आवळताय?" गिऱ्हाईक आलं की सासरे विणकाम मांडीखाली सरकवायचे. कोट शिवणारा माणूस सुया घेऊन बसलाय, याची त्यांना लाज वाटायची.

एक बाही कशीबशी झाली. लावून पाहिली तर बसेना. आपली बाही चुकली असेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही. "मुंढा जरा खोल हवा," असं पुटपुटत त्यांनी कात्री घेतली आणि सासूबाईंच्या विणकामातून बगलेपाशी, बाही जोडतात तिथे, खोल गोलाई कापली. जन्मभर कापड असंच कापलं होतं. मशीनखाली घेताच लोकर ओढली गेली आणि टाके भराभर सुटत कमरेपर्यंत गेले.

मी चहा घेऊन आले, तेव्हा ते दोन्ही हातांनी उसवलेलं विणकाम दाबून धरून बसले होते. कान लालबुंद.

"सूनबाई, हिला सांगू नकोस."

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "तुम्हीच सांगा."

त्यानंतर ते सासूबाईंच्या खोलीत खाली मान घालूनच जायचे. "बाही कुठवर आली?" विचारलं की "होतेय." शेवटी एका संध्याकाळी त्यांनी तो स्वेटर सासूबाईंच्या मांडीवर नेऊन ठेवला. सासूबाईंनी डाव्या हातानं कापलेली कड चाचपली.

"कात्री लावलीत?"

"मला वाटलं, कापडासारखंच..."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, "इतकी वर्षं तुमच्यासाठी विणतेय. एकदा तरी नीट हातात घेऊन बघितलं असतंत, तर कळलं असतं."

तेव्हाही सासऱ्यांच्या अंगात सासूबाईंनीच विणलेला स्वेटर होता. सासऱ्यांनी त्याच्या बाहीची कड दोन बोटांत धरली आणि डोळ्यांजवळ नेली. पण डोळे इतके भरले होते की त्यांना टाके दिसेनात.