सोनकांबळे मॅडमचा संशय आणि लक्कव्वांचा पाय

डॉ. विमल सोनकांबळे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिले ते आमच्या रुग्णालयातल्या ड्रेसिंग रूमच्या दारात, हातात घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घेऊन. मी शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. दारात काहीतरी घेऊन उभे राहणारे लोक बहुधा औषध विकायला आलेले असतात, हा माझा अनुभव. डब्यात खिरीवरच्या सायीसारखी पिवळसर, लिबलिबीत पट्टी होती. "मी फार्मसी कॉलेजात शिकवते. या जेलमध्ये चांदीचे अतिसूक्ष्म कण आहेत. जंतू मारतात, जखम ओलसर ठेवतात," मॅडम म्हणाल्या. मी विचारले, "सोन्याची कधी आणणार?" त्या हसल्या नाहीत. "आधी हिच्यावरच संशय घ्या," म्हणाल्या. विकायला आलेले माणूस असे बोलते कुठे? मला आणखीच संशय आला.

रीतसर परवानगी घेऊन चाचणी सुरू झाली. कॉलेज सुटले की मॅडम रिक्षाने वॉर्डात येत. रुग्णांना पढवायला येत असणार, असे धरून मी पडद्याआड उभा राहून ऐकत असे. त्या विचारत काय, तर जेवलात का, घरी कोण बघतं, जखमेला दुसरं काही लावलंत का. एकदा एका विडीकामगार बाईंच्या सुजलेल्या पायात चप्पल जाईना, तेव्हा मॅडम स्वतःची सैल चप्पल त्यांना देऊन अनवाणी रिक्षात बसल्या. देखावा असेल म्हणून कोणी पाहते आहे का, ते मी पाहिले. पाहणारा मी एकटाच होतो.

लक्कव्वा आजी मैंदर्गीकडच्या. जन्म मेंढरांमागे गेलेला. मधुमेहाने तळव्याची जखम इतकी चिघळली होती की, पाय कापण्याचे मी जवळजवळ ठरवले होते. त्यांचा मुलगा बिरप्पा म्हणाला, "पाय गेला तर आई मेंढरामागं जाणार न्हाय, आन् न्हाय गेली तर जगणार न्हाय, सायेब." शेवटचा उपाय म्हणून जेल लावले आणि जखम भरू लागली. अधिष्ठातांनी पेढे वाटले, पत्रकारांना बोलावले. मॅडम मात्र काढलेली पट्टी नाकाशी धरून बसल्या होत्या.

"ही माझ्या जेलपेक्षा जास्त पिवळी आहे. आजी, काय लावलंत?"

"बिरोबाचा भंडारा हाय की. रोज पट्टी उचलून घालत्ये. तुमचं बी असू दे, देवाचं बी असू दे."

जेलचा रंग मुळात पिवळसर, म्हणून हळद आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. मी आजींवर संतापलो. मॅडमनी पत्रकारांसमोर सरळ सांगितले, "ही जखम आमच्या यशात धरू नका. गुण कशाचा, मला माहीत नाही." अधिष्ठातांचे तोंड पाहण्यासारखे झाले. मग मॅडम आजींच्या खाटेवर बसल्या आणि पूड आत गेली तर जंतूही जातील, पाय हातचा जाईल, हे त्यांनी समजावले. "भंडारा कपाळाला लावा, पट्टीवरून लावा. पट्टीच्या आत नको."

"देवाला भाईर ठिवायचं व्हय?"

"बाहेर नाही आजी, पहाऱ्याला."

आजींनी थोडा विचार केला. "पहाऱ्याला चालंल. त्येचं कामच हाय त्ये."

जखम पुढे सावकाश भरली, पाय राहिला. तरी मॅडमनी ती जखम यशात धरली नाही ती नाहीच. व्याख्यानातही त्या आधी न भरलेल्या जखमांबद्दल बोलतात. अशा माणसाला मोठे बक्षीस मिळत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

मॅडम, साठी पूर्ण केल्याबद्दल अभिनंदन. तुमच्या जेलवर माझा अजून पुरता विश्वास नाही, तुमच्यावर आहे. डोळ्यांत तेल घालून त्यावर संशय घेणाऱ्या तुम्ही आहात, तोवर मी निश्चिंत आहे. म्हणून तुम्हांला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. ही शुभेच्छा स्वार्थाची आहे. सध्या माझ्या आईच्या पायावर तुमचीच पट्टी आहे.