मोरचूद न घातलेली खळ

आज थोडा स्वतःचा अभिमान वाटतोय, म्हणून लिहिते. मी जुने कागद दुरुस्त करते, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे.

सकाळी नाटे गावाहून शांताकाकी आल्या. त्यांचे यजमान तांडेल, म्हणजे मासेमारीच्या होडीचे प्रमुख होते. पाण्याखालचे खडक कुठे आहेत, ते त्यांनी शाईने एका कागदावर काढून ठेवलं होतं. त्यांच्या हातचं घरात एवढंच उरलंय, आणि तो कागद घडीवर फाटत आलेला.

कोपऱ्याला ओला कापूस टेकवला, तर शाई लगेच उतरली. म्हणजे खळ पातळ झाली तर खडक वाहून जाणार! मग गव्हाच्या सत्त्वाची खळ शिजवली, गाळली आणि लोण्यासारखी घट्ट ठेवली.

"मोरचूद घातलास ना गो?" काकींनी विचारलं.

"नाही घातला."

"मग झुरळां खातील की!"

मी कपाटातून वडिलांची पोथी काढली. कीड लागू नये म्हणून वीस वर्षांपूर्वी मीच ती मोरचूद घातलेल्या खळीने चिकटवली होती. जिथे खळ लागली, तिथेच कागद तपकिरी होऊन तुटलाय. दाखवताना लाज वाटली, पण दाखवली.

काकींनी पोथी उजेडात धरून बघितली. "ऱ्हाऊ दे तो मोरचूद. तुझ्या मनासारखा कर."

घडीच्या मागे पातळ जपानी कागदाची पट्टी लावली आणि वजनाखाली सुकवली. दुपारी काकींनी नकाशावर बोट ठेवलं आणि बंदरापासून शेवटच्या खडकापर्यंत नेलं. बोट घडीवर कुठेच अडलं नाही.

तुमच्याकडे मोरचुदाच्या खळीने चिकटवलेलं काही असेल, तर आज उघडून बघाल का?