कोपनहेगनची यादी

ऊर्मिला आधी माणसाचं चालणं बघते, चेहरा नंतर. हायडेलबर्गमधल्या आमच्या इमारतीत ती तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. राहायला आली त्याच महिन्यात जिन्यात थांबवून म्हणाली, "शोभनाताई, डावा गुडघा दुखतो का हो? सगळं वजन उजवीकडे टाकताय." तोवर गुडघ्याचं मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. त्याला सांगून उपयोग काय, हा भाग वेगळा.

ती नाशिकची फिजिओथेरपिस्ट. गौरांगच्या, म्हणजे नवऱ्याच्या, सॉफ्टवेअरच्या नोकरीपायी इथे आली आणि तिची पदवी कपाटात गेली. ती इथल्या सरकारने मान्य करावी यासाठी पाच वर्षं ती कागदांच्या मागे धावत होती. याला इथे आनेरकेनुंग म्हणतात, आणि तो शब्द नीट उच्चारता येईपर्यंतच माणूस अर्धा खचतो. ती जर्मन शिकली, तिने एका क्लिनिकमध्ये वर्षभर उमेदवारी केली, परीक्षा दिली. या वर्षी फेब्रुवारीत कागद आला आणि एप्रिलमध्ये ट्रामने चार थांब्यांवर नोकरी लागली. त्या दिवशी तिने अख्ख्या इमारतीला शिरा वाटला. तळमजल्यावरच्या फ्राउ केलर वाटी परत द्यायला आल्या आणि पुन्हा भरून घेऊन गेल्या.

आमचं दोघींचं सख्य किल्लीवरून सुरू झालं. इथली दारं नुसती ओढली तरी बंद होतात. कचरा टाकायला खाली गेलात आणि किल्ली आत राहिली, की तुम्ही सपाता घालून जिन्यात. म्हणून तिची जादा किल्ली माझ्याकडे आणि माझी तिच्याकडे. माझ्या दाराशेजारी खिळ्याला तिची किल्ली सहा वर्षं टांगलेली होती.

गौरांग वाईट माणूस नाही, असं मी पूर्वी सहज म्हणून जायचे. शांत, हसतमुख, बायकोवर कधी आवाज न चढवणारा. घरातली सरकारी पत्रं, करार, विमा सगळं तोच बघायचा. सुरुवातीला तिला जर्मन येत नव्हतं, तेव्हा ते सोयीचंच होतं. संध्याकाळी ती पोळ्या लाटत असायची, तो ओट्यावर कागद ठेवायचा, "इथे सही कर गं," म्हणायचा. ती पिठाचा हात पदराला नाही तर ओढणीला पुसायची आणि सही करायची. पुढे म्हाताऱ्या पेशंटांशी बोलून बोलून तिचं जर्मन त्याच्यापेक्षा चांगलं झालं. सवय मात्र तीच राहिली. तो ठेवायचा, ती न वाचता सही करायची.

मेच्या सुरुवातीला गौरांग माझ्याकडे आला. "ताई, तुम्ही कोपनहेगन केलंय ना? एका दिवसाची यादी करून द्या. लग्नाला दहा वर्षं होतायत, ऊर्मिलाला सरप्राइज." मी हुरळले. मला कुणी सल्ला विचारला की माझं भान सुटतं. कुठे उतरायचं, कुठे फोटो काढायचा, सगळं लिहून दिलं. जाताना दारात तो घुटमळला. "आल्झो, म्हणजे असं की, तिथल्या एका कंपनीशी बोलणं चाललंय. अजून काही पक्कं नाही. तिला बोलू नका, उगाच टेन्शन घेईल."

मी बोलले नाही. नवराबायकोमध्ये आपण कशाला पडायचं, असं मनाशी म्हणाले. हे वाक्य फार आरामाचं असतं.

जूनमधल्या एका शनिवारी पहाटेच्या विमानाने तिघं गेली. ती दोघं आणि आठ वर्षांची अन्वी. तिथे काय झालं ते नंतर ऊर्मिलाने मला सांगितलं, एकेक ठिकाण घेत, माझ्याच यादीच्या क्रमाने.

आधी नीहाउनला कालव्याकाठची रंगीत घरं पाहिली. गौरांगने तिचे फोटो काढले, लग्नानंतर काढले नव्हते इतके. बारा वाजता राजवाड्यापुढे पहारेकऱ्यांची बदली पाहिली. मग जलपरीचा पुतळा. 'फारच लहान आहे, अपेक्षा ठेवू नका,' असं मी लिहिलं होतं. अन्वी तिला पाहून म्हणाली, "सो क्लाइन!" म्हणजे, इतकीशी, आणि तिघंही हसली. बाकावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. ऊर्मिला म्हणाली, "ताई, मी खूप खूश होते हो." हे तिने दोनदा सांगितलं.

जलपरीकडून परत निघाल्यावर तिचं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. नव्या गावात माणूस अडखळत चालतो, कोपऱ्यावर मान वर करतो, फोन बघतो. गौरांग सरळ चालला होता. रस्ता ओलांडायच्या आधीच त्याचं पाऊल वळत होतं. एका बेकरीपाशी सायकलींचा रस्ता अचानक फुटपाथला चिकटतो, तिथे त्याने न बघता अन्वीला हाताने आत ओढलं.

"तू इथे आधी आलायस," ती म्हणाली.

"एकदा. ऑफिसच्या कामाने."

"एकदा आलेला माणूस असा चालत नाही."

तो हसला. म्हणाला, "चल, यादीत नसलेलं एक ठिकाण दाखवतो."

ते ठिकाण म्हणजे विटांच्या इमारतीतलं दुसऱ्या मजल्यावरचं रिकामं घर. दार उघडणारी बाई गौरांगला नावाने ओळखत होती. इंग्रजीत म्हणाली, गेल्या वेळी स्वयंपाकघराचं माप राहिलं होतं, ते घेऊन ठेवलंय. अन्वीला म्हणाली, ही तुझी खोली. अन्वी आईला बिलगली आणि जर्मनमध्ये म्हणाली, "इष विल निष्ट वेग." मला नाही जायचं.

ऊर्मिलाने बाईसमोर काही विचारलं नाही. जिन्यात विचारलं, "आणि आपलं घर?"

"ऑगस्टअखेरपर्यंत आहे. नोटीस दिलीय."

"करार दोघांच्या नावावर आहे. एकट्याची नोटीस चालत नाही."

"तुझी सही आहे ना त्यावर. मेच्या शेवटी केलीस की."

तिला ती संध्याकाळ आठवली. एक पोळी तव्यावर होती, दुसरी अर्धी लाटलेली. तो म्हणाला होता, "विजेचं काहीतरी आहे, इथे." तिने तव्यावरची पोळी करपू नये म्हणून घाईत सही केली होती.

"माझी नोकरी? पुन्हा नवी भाषा, पुन्हा आनेरकेनुंग?"

"होईल गं. एकदा केलंस ना, आता तुला सवय आहे. आधी सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"गेनाऊ," ती म्हणाली. म्हणजे, अगदी बरोबर. तिथून तिघं थेट विमानतळावर गेली. यादीतला गोल मनोरा राहून गेला.

सोमवारी तिने स्वतः घरमालकाला जर्मनमध्ये दीड पानाचं पत्र लिहिलं. त्या वयस्क गृहस्थाने तिला बोलावून घेतलं. सप्टेंबरपासूनचा नवा करार तिच्या एकटीच्या नावाने झाला. सही करण्याआधी तिने अकराही पानं तिथेच बसून वाचली, पाऊण तास. गौरांग शेजारी बसला होता. ऑगस्टमध्ये तो दोन बॅगा घेऊन एकटा गेला. अन्वी आणि ती इथेच राहिली.

हे सगळं ती मला सांगत होती ते माझ्या स्वयंपाकघरात, चहा घेत. मी गौरांगला पोटभर शिव्या घातल्या. सहीचं ऐकून तर माझं डोकंच फिरलं. बायकोला इतकं गृहीत धरणारा माणूस, असं बरंच काही मी बोलले. ती ऐकत होती. मग तिने कप खाली ठेवला.

"ताई, यादी तुम्ही केलीत. तुम्हाला ठाऊक होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण ती माझ्या गुडघ्याकडे बघत होती, आणि मी सगळं वजन उजवीकडे टाकून उभी होते.

"थोडंसं," मी म्हणाले. "नोकरीचं कानावर होतं. घराचं नव्हतं, तुझी शपथ."

"महिनाभर आधी?"

"हो."

"तेव्हा सांगितलं असतंत, तर मी तो कागद वाचला असता."

ती रडली नाही, रागावलीही नाही. रागावली असती तर मी हातापाया पडले असते. तिने पर्समधून माझी जादा किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि आपला कप विसळून पालथा घातला.

"माझी द्या," ती म्हणाली.

मी खिळ्यावरून किल्ली काढून तिच्या हातात दिली. ती जिना चढून वर गेली, आणि दार ओढल्याचा आवाज मला खाली ऐकू आला.