मांडीखालचे हात

संकट आले की दादा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसत. रबाळ्याच्या आमच्या छोट्या इंटरनेट कंपनीतले ते सर्वांत जुने तंत्रज्ञ, मूळचे तळवलीचे. मी घरातला पहिला पदवीधर, नुकताच प्रोबेशनवर लागलेला. काम शिकलो ते त्यांच्याकडून.

आमचे यंत्र शेजारच्या कंपन्यांच्या यंत्रांना सांगे, अमुक पत्त्यांकडे जायचा रस्ता माझ्याकडून आहे. ती विश्वास ठेवत आणि तेच पुढच्यांना सांगत. सगळ्यांवर मालक असा कोणी नव्हता.

"मग हे चालतं कसं, दादा?"

"भरतीचं पानी शेतात शिरू नये म्हनून घालतात, त्या खारबांधासारखं. ज्याचा तुकडा त्यानं राखायचा. पन पानी खेकड्याच्या बिलातून येतं, नि बील कोनाच्या तुकड्यात हाय, ते भरती इचारत नाय."

रोज सकाळी ते शेजारच्या कंपन्यांना फोन करत. "काय, बांध बरा हाय ना?" पलीकडचे हसत. दादा हसत नसत.

एका दुपारी ते जासईला एका ग्राहकाकडे गेले होते. पडद्यावर शेजाऱ्याचा एक रस्ता नाहीसा झाला, परत आला, पुन्हा गेला. मी घाबरून आमचेच यंत्र बंद करून चालू केले. एकदा नाही, पाचदा. दर वेळी शेजाऱ्यांना कळे, हे गेले; मग कळे, हे आले. शेवटी त्यांच्या यंत्रांनी आम्हाला बेभरवशाचे ठरवून आमचे ऐकणेच थांबवले. आता आमची तार ठणठणीत होती, पण आमच्यापर्यंत कोणी पोचत नव्हते. सगळे ग्राहक तुटले.

दादा परतले. "किती वेला?"

"पाच."

ते हात दाबून बसले. "आता काय बी करू नको. इस्वास परत बसायला वेल लागतो."

साहेब केबिनमधून बाहेर आले. "कोणी हात लावला?"

गावी आईने माझ्या नोकरीचे पेढे वाटले होते.

"मीच सांगून गेलेलो त्याला," दादा म्हणाले. ते खोटे होते. मी गप्प राहिलो. महिनाअखेरीस त्यांना काढले.

जाताना जिन्यात म्हणाले, "आपुन बारके, म्हनून निभावलं. उद्या कोनी मोठा असा हालला, तर कोन कोनाला फोन करल?"

सकाळचे फोन मी चालू ठेवले. पण शेजारी वाढत गेले, आणि आता बहुतेकांचे आवाजही मला ठाऊक नाहीत. अजून एखादा रस्ता नाहीसा होतो, परत येतो, पुन्हा जातो. मी हात मांड्यांखाली घेतो. ते थरथरत असतात. दादांचेही थरथरत असावेत, हे मला फार उशिरा कळले.